एकच टोपणनाव, अनेक पात्रे: सूची करणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी, नाटक, चित्रपट, मालिका, चित्रकथा, व्हिडिओ गेम अशा वेगवेगळ्या माध्यमांत एकाच टोपणनावाने वावरणाऱ्या काल्पनिक पात्रांची सूची कशी करावी, याची ही उत्तरे आहेत. गोव्यातल्या शाळांची वाचन मंडळे, गावोगावची वाचनालये आणि प्रश्नमंजूषा घेणारे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. म्हणून उदाहरणे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्हीकडची आहेत, कारण आपल्याकडची मुले या तिन्ही भाषांत वाचतात आणि बघतात.

टोपणनाव नेमके कशाला धरायचे?

पात्राला दुसरे, मूळ नाव असेल आणि कथेतली माणसे त्याला त्या नावाऐवजी वेगळ्याच नावाने हाक मारत असतील, तर ते टोपणनाव. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे मूळ नाव बनेश. ‘स्कूबी डू’मधल्या शॅगीचे मूळ नाव नॉरव्हिल रॉजर्स. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतल्या स्काउटचे मूळ नाव जीन लुईस फिंच. ही तिन्ही निर्विवाद उदाहरणे.

घोटाळा होतो तो हुद्दा, भूमिका आणि आडनाव यांच्यापाशी. ‘टीम फोर्ट्रेस २’ या गेममध्येही स्काउट आहे, पण तिथे ते खेळाडूने निवडायच्या भूमिकेचे नाव आहे, कुणी लाडाने ठेवलेले नाही. फिंच आणि हा गेममधला स्काउट एका ओळीत लिहिले की सूची वाचणाऱ्याला दोघांमध्ये काहीतरी नाते असल्यासारखे वाटते. त्यामुळे भूमिकानावांसाठी वेगळा रकाना ठेवा.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: ते नाव कोण वापरते आणि का वापरते, हे प्रत्येक नोंदीत लिहिले पाहिजे. एवढे नसेल तर ती नुसती सारख्या अक्षरांची यादी होते आणि तिच्यातून कुणाला काही कळत नाही.

एका नोंदीत काय काय लिहायचे?

एका पात्राला एक कार्ड, आणि कार्डावर आठ बाबी:

१. टोपणनाव, कृतीत ज्या रूपात येते त्या रूपात.
२. मूळ नाव. कृतीत दिलेले नसेल तर ‘दिलेले नाही’ असे स्पष्ट लिहा, जागा रिकामी सोडू नका. रिकाम्या जागेचा अर्थ ‘शोधायचे राहिले’ असाही होतो आणि पुढचा माणूस तेच काम पुन्हा करत बसतो.
३. माध्यम.
४. कृतीचे नाव आणि वर्ष.
५. हाक कोण मारते: घरचे, मित्र, शत्रू, सगळे गाव, की पात्र स्वतःच.
६. नाव पडण्याचे कारण, आणि ते कृतीतच सांगितले आहे की वाचकाने ताडले आहे.
७. नाव पहिल्यांदा कुठे येते ते स्थळ.
८. कुणी पडताळले आणि कशावरून.

पाचवी आणि सहावी बाब भरायचा लोकांना कंटाळा येतो, पण सूचीचा सगळा जीव त्या दोन बाबींतच आहे.

एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

‘मुन्ना’ घ्या. ‘तेजाब’ (१९८८) मधला मुन्ना म्हणजे महेश देशमुख. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मधला मुन्ना म्हणजे मुरली प्रसाद शर्मा. ‘मिर्झापूर’ (२०१८) या वेब मालिकेतला मुन्ना म्हणजे फूलचंद त्रिपाठी. मूळ नावे तीन, आडनावे तीन, नाव एकच.

आता ‘कोण हाक मारते’ हा रकाना भरून बघा, मग तिघे वेगळे दिसू लागतात. महेश देशमुख हा साधा, शिकलेला तरुण परिस्थितीमुळे गुन्हेगारीत ओढला जातो आणि मुन्ना हे त्याचे त्या दुसऱ्या आयुष्यातले नाव ठरते. मुरली प्रसादच्या आई-वडिलांना तो डॉक्टर झाला आहे असे वाटत असते, मुंबईतल्या त्याच्या माणसांसाठी मात्र तो मुन्नाभाई, म्हणजे पुढे ‘भाई’ लागलेला. फूलचंद हा गादीचा वारस. मुन्ना हे घरातले, लहान पोराचे नाव मोठेपणीही त्याला चिकटून राहते, आणि बाप आपल्याला अजून पोरच समजतो हे त्याचे मूळ दुखणे आहे. लाडाचे एकच नाव एका ठिकाणी गुन्हेगारीची खूण होते, दुसरीकडे दरारा होते आणि तिसरीकडे सल होते. सूचीतून वाचकाला हे मिळायला हवे.

‘मिर्झापूर’मधून आणखी दोन कार्डे सहज होतात. गुड्डू म्हणजे गोविंद पंडित आणि बबलू म्हणजे विनय पंडित. मालिका मात्र प्रौढांसाठी आहे, त्यामुळे शाळेच्या सूचीत ही कार्डे घालू नका.

पुस्तकावरून मालिका किंवा चित्रपट झाला तर पात्रे दोन धरायची का?

नाही, एकच. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या पुस्तकात होता आणि नंतर दूरदर्शनच्या मालिकेत आला, पण तो एकच गोट्या. फास्टर फेणे पुस्तकांत, दूरदर्शनवर आणि २०१७ च्या चित्रपटात आहे, तरी तो एकच बनेश. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आहे आणि २०१२ मध्ये पडद्यावर आला. कार्ड एकच, त्याखाली माध्यमांच्या ओळी वेगवेगळ्या.

अपवाद एवढाच की माध्यम बदलताना नावाचे कारण बदलले, तर ते नोंदवा. याचे आम्हांला फार आवडते उदाहरण म्हणजे ‘रेड’. स्टीफन किंगच्या १९८२ च्या दीर्घकथेतला रेड हा तांबड्या केसांचा आयरिश माणूस आहे, म्हणून रेड. १९९४ च्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या चित्रपटात ती भूमिका मॉर्गन फ्रीमनने केली. तिथे नाव तेच ठेवले, पण केसांचे कारण उरले नाही. मग नावाबद्दल विचारल्यावर पात्र ‘मी आयरिश आहे म्हणून असेल’ अशा अर्थाचे उत्तर देते. पडद्यावर पूर्ण नाव एलिस बॉयड रेडिंग असे आहे, त्यामुळे आडनावातूनही रेड निघतो. कार्ड एक आणि कारणे दोन असली तर दोन्ही लिहा.

रेडची रांग मोठी आहे. ‘दॅट सेव्हन्टीज शो’ (१९९८) मधला रेड म्हणजे रेजिनाल्ड फोरमन. ‘द ब्लॅकलिस्ट’ (२०१३) मधला रेड म्हणजे रेमंड रेडिंग्टन, इथे ते आडनावावरून आलेले. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ (२०१३) मधली रेड ही बाई आहे, गॅलिना रेझ्निकोव्ह. ‘रेड’ म्हटले की पुरुष, असे गृहीत धरून प्रश्न काढला तर तिथेच चुकतो.

गाव वेताळाचे आहे आणि सूचीत ‘वेताळ’ आहे. हे कसे हाताळायचे?

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. पैंगीण, लोलये, आमोणे इथे वेताळ हे दैवत आहे. पैंगीणची गड्यांची जत्रा याच देवाची. देव हे काल्पनिक पात्र नव्हे. त्याला सूचीत कुठेही, तळटीपेतसुद्धा, पात्र म्हणून घालू नका. इथे आमचे मत ठाम आहे.

राहिले दोन वेताळ. वेताळपंचविशीतला वेताळ विक्रम राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो. तो चांदोबा मासिकात आणि १९८५ च्या दूरदर्शन मालिकेतही आला. पण तिथे वेताळ ही त्या प्राण्याची जात आहे, टोपणनाव नाही. तो ‘प्रकारनाव’ या रकान्यात जातो.

टोपणनाव म्हणून खरा बसतो तो ली फॉकचा फँटम. १९३६ मध्ये त्याची चित्रपट्टी सुरू झाली. आपल्याकडे १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे तो घरोघरी पोचला आणि मराठी वाचकांना वेताळ म्हणून माहीत झाला. मुखवट्यामागचा माणूस किट वॉकर. जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो, म्हणून त्याला ‘चालते भूत’ अशा अर्थाचे आणखी एक नाव आहे. एकाच पात्राला वेताळ, फँटम, चालते भूत आणि किट अशी चार नावे झाली, कारण किट हेही ख्रिस्तोफरचे लघुरूप आहे. कार्ड ‘फँटम’खाली ठेवा आणि ‘वेताळ’खाली ‘पाहा: फँटम’ एवढीच ओळ लिहा.

‘फँटम’खाली दुसरे कार्ड येईल गास्ताँ लरू यांच्या फ्रेंच कादंबरीतल्या नाट्यगृहातल्या फँटमचे. त्याचे मूळ नाव एरिक. दोघेही चेहरा झाकतात. किट वॉकर आपल्या घराण्याचे काम निनावी राहावे म्हणून झाकतो, एरिक विद्रूप चेहरा दिसू नये म्हणून. कारणाचा रकाना भरला की हा फरक आपोआप पुढे येतो.

एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात असेल तर किती पात्रे मोजायची?

नाव हे पद झाले असेल, तर मुख्य नोंद एक आणि धारकांच्या पोटनोंदी जितके धारक तितक्या. किट वॉकर हा एकविसावा फँटम आहे. ‘द प्रिन्सेस ब्राइड’मधला समुद्रावरचा लुटारू रॉबर्ट्स हे नाव एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. बॅटमनचा साथीदार रॉबिन १९४० मध्ये डिक ग्रेसन होता, पुढे जेसन टॉड, मग टिम ड्रेक. ‘रॉबिनचे खरे नाव काय?’ असा प्रश्न विचारला तर निदान तीन बरोबर उत्तरे येतात आणि वादावादी होते. ‘१९४० मध्ये पहिल्यांदा आलेल्या रॉबिनचे’ एवढे शब्द वाढवले की प्रश्न मिटतो.

एका पात्राचे नाव दुसऱ्यावरून घेतले असेल तर?

‘प्रेरणा’ असा नववा, ऐच्छिक रकाना वाढवा, पण तो फक्त पुरावा असेल तेव्हाच भरा. ‘स्नेक’चे उदाहरण पुरेसे आहे. १९८१ च्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ चित्रपटात स्नेक प्लिस्किन आहे. १९८७ च्या ‘मेटल गियर’ गेममध्ये सॉलिड स्नेक आला. पुढे २००१ च्या ‘मेटल गियर सॉलिड २’मध्ये हा स्नेक ओळख लपवताना ‘प्लिस्किन’ हेच आडनाव घेतो. कृतीच्या आतच दुवा दिलेला आहे, म्हणून इथे ‘प्रेरणा’ लिहायला हरकत नाही. ‘द सिम्पसन्स’मध्येही स्नेक नावाचा चोर आहे. तिथे असा दुवा नाही, म्हणून रकाना रिकामा ठेवायचा. दोघांनीही डोळ्याला पट्टी बांधली किंवा दोघेही सिगारेट ओढतात, एवढे साम्य पुरावा होत नाही.

‘डॉक’खाली खूप नोंदी जमल्या आहेत. त्या कशा लावायच्या?

धंद्यावरून पडलेल्या नावांत हे नेहमी होते. अशी नावे वर्षानुसार लावू नका, कारणानुसार गट करा.

खरोखर वैद्यकी करणारे: ‘कॅच-२२’ (१९६१) मधला डॉक दानीका, आणि ‘कार्स’ (२००६) मधला डॉक हडसन. हा दुसरा म्हणजे मोटारगाडी, गावाचा डॉक्टर आणि न्यायाधीशही.

शास्त्रज्ञ: ‘बॅक टु द फ्यूचर’ (१९८५) मधला डॉक म्हणजे एमेट ब्राऊन. जॉन स्टाइनबेकच्या ‘कॅनरी रो’ (१९४५) मधला डॉक हा सागरी जीवांचा अभ्यासक. त्याला समुद्राच्या ओहोटीत खडकांवर प्राणी गोळा करताना वाचावे, किनाऱ्यावर वाढलेल्या गोमंतकीय वाचकाला ते फार जवळचे वाटेल.

साहसवीर: १९३३ पासूनच्या मासिक-कथांतला डॉक सॅव्हेज, मूळ नाव क्लार्क सॅव्हेज.

नुसते नाव: डिस्नेच्या १९३७ च्या हिमगौरीतला चष्मेवाला बुटका डॉक. ग्रिम बंधूंच्या कथेत सातही बुटक्यांना नावे नाहीत, तेव्हा या कार्डावर मूळ कथेचे वर्ष टाकू नका, चित्रपटाचेच टाका. ही चूक फार वेळा होते.

डॉक हॉलिडे चित्रपटांत दिसतो, पण तो खरा माणूस होता, दंतवैद्य. तो ‘ऐतिहासिक व्यक्ती’ या वेगळ्या पानावर जाईल. आणखी एक: आपल्याकडे बोलताना ‘दोतोर’ म्हणतात म्हणून ‘डॉक’ आणि ‘दोतोर’ एकाच मथळ्याखाली आणू नका. कृतीत जे उच्चारले, तोच मथळा.

अण्णा, भाऊ, दादा, बाब, बाय यांचे काय?

नात्याची आणि आदराची हाक म्हणजे टोपणनाव नव्हे. बाहेरची, नात्यात नसलेली माणसेही तेच नाव एकटे वापरत असतील, तेव्हाच ते सूचीत घ्या. या कसोटीवर ‘परिंदा’ (१९८९) मधला, नाना पाटेकरांनी केलेला अण्णा बसतो. शेजारच्या सिंधुदुर्गात घडणाऱ्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेतले अण्णा नाईकही बसतात, कारण अख्खे गाव त्यांना अण्णाच म्हणते. चिं. वि. जोशींच्या गुंड्याभाऊमधला ‘भाऊ’ हा नावाचा शेपूट आहे. तो ‘भाऊ’खाली येत नाही, ‘गुंड्याभाऊ’ असाच येतो. ‘सत्या’ (१९९८) मधला कल्लू मामाही तसाच अखंड ठेवा.

गोव्यातल्या लेखनात ‘बाब’ आणि ‘बाय’ नावापुढे येतात. तो मान आहे, टोपणनाव नाही. बाहेरगावच्या सूचीकारांना हे ठाऊक नसते आणि ते ‘बाब’ नावाचा मथळाच उघडून बसतात. तसेच भाऊसाहेब बांदोडकरांसारख्या खऱ्या व्यक्तींची लोकांत रुळलेली नावे या सूचीत येत नाहीत.

नट आणि पात्र यांचे टोपणनाव एकच असेल तर?

‘लक्ष्या’मुळे हा प्रश्न येतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांना महाराष्ट्र-गोव्यात सगळे लक्ष्या म्हणत, आणि त्यांच्या कित्येक पात्रांचे नावही लक्ष्याच होते. ‘धूमधडाका’ (१९८५) मध्ये लक्ष्या वाकडे, ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये लक्ष्या बोळके. हे दोघे वेगळे लोक आहेत: घर वेगळे, माणसे वेगळी, कथा वेगळी. म्हणून कार्डे दोन. नटाचे कार्ड करायचे नाही. कारणाच्या रकान्यात ‘नटाच्या प्रचलित नावावरून’ असे लिहा आणि आडनाव हमखास लिहा, कारण दोघांना वेगळे करायला तेवढेच हाताशी आहे.

गोव्याशी जोडलेली नावे कोणती घेता येतील?

पहिली बॉबी. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातली बॉबी ब्रागांझा ही गोमंतकीय ख्रिस्ती घरातली मुलगी, तिचे वडील जॅक ब्रागांझा मच्छीमार. चित्रपटात ती बॉबी म्हणूनच वावरते. या नावाची रांग उभी केली की गंमत कळते. ‘बॉबी जासूस’ (२०१४) मधली बॉबी ही हैदराबादची बिल्किस अहमद. ‘किंग ऑफ द हिल’ (१९९७) मधला बॉबी हिल, ‘सुपरनॅचरल’ (२००५) मधला बॉबी सिंगर आणि ‘एक्स-मेन’ चित्रकथांतला (१९६३) बर्फाचा बॉबी ड्रेक हे तिघेही मुळात रॉबर्ट. आपल्याकडच्या दोन बॉबी बायका आहेत आणि तिकडचे तिन्ही पुरुष. रॉबर्टचे लघुरूप असलेले नाव आपल्या चित्रपटांत कुठल्याही लघुरूपाशिवाय, थेट मुलीचे होऊन आले आहे.

‘फाइंडिंग फॅनी’ (२०१४) ही गोव्यातल्या काल्पनिक पोकोलिम गावची गोष्ट. फॅनी म्हणजे स्टेफनी फर्नांडिस, आणि तिला शोधायला निघालेला टपालवाला फर्डी म्हणजे फर्दिनांद. दोन्ही कार्डे नीट होतात.

मारियो मिरांडांच्या व्यंगचित्रांतली मिस निंबूपानी आणि बंडलदास मात्र या सूचीत बसत नाहीत. ती बोलकी नावे आहेत, पण चित्रांच्या जगात तीच त्यांची खरी नावे आहेत. त्यांच्यासाठी ‘बोलकी नावे’ असे वेगळे पान करा. ते पान या सूचीइतकेच श्रीमंत होईल. तियात्रातल्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी रंगभूमीवरच्या, एम. बॉयर यांच्यासारख्या कलाकारांची नावे ही रंगमंचावरची नावे, पात्रांची नाहीत. दशावतारी खेळातला संकासुर हे पात्राचेच नाव, आणि प्रत्येक मंडळाचा संकासुर तोच वेद पळवणारा संकासुर असल्याने तो कितीही मंडळींनी केला तरी एकच.

अप्पा बेलवलकर आणि ‘अवतार’मधला आप्पा एका मथळ्याखाली घ्यावेत का?

घ्या, पण दोन वेगळ्या उपगटांत. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर म्हणजे अप्पा. हे नाटक १९७० मध्ये दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले, आणि २०१६ मध्ये त्यावर चित्रपट झाला. अप्पा हे त्यांचे घरातले आणि चाहत्यांतलेही नाव. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५) या कार्टून मालिकेतला आप्पा हा उडणारा सहा पायांचा गवा, आणि ते त्याचे एकमेव नाव. उच्चार जवळचा असला तरी पहिले टोपणनाव आहे आणि दुसरे नाही. मथळा ‘अप्पा / आप्पा’ असा ठेवून दुसऱ्यापुढे ‘मूळ नाव’ अशी खूण करा.

संगणकावर शोधले तर अर्ध्या नोंदी सापडतच नाहीत. का?

कारण एकच अक्षर दोन प्रकारे टंकले जाते. डोळ्याला ते सारखे दिसते, पण संगणकाला वेगळे वाटते. नेहमीच्या जागा या:

‘डॉक’मधला ॉ ही एक मात्रा आहे. काही कळफलकांवर लोक आधी काना देतात आणि मग वर अर्धचंद्र. दिसायला ‘डॉक’च, पण आत दोन चिन्हे. शोधात ते एकमेकांना सापडत नाहीत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत.

‘ॲ’ हे एक अक्षर आहे, आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊन केलेले वेगळे. त्यामुळे ‘ॲना’ आणि दुसरी तशीच दिसणारी ‘ॲना’ क्रमवारीत लांब जाऊन बसतात.

‘ऱ्या’मधला र दोन रीतींनी लिहिता येतो: सुट्या ऱ-अक्षराने, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण वापरून.

आणि अनुस्वार: फँटम, फॅंटम, फॅन्टम. ही चूक नव्हे, तिन्ही लिहिली जातात.

उपाय साधा आहे. कामाला लागण्यापूर्वी एक रूप ठरवा, ते पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि महिन्यातून एकदा ‘शोधा व बदला’ करून वरची चारही रूपे एकसारखी करा. सगळ्यांनी एकच कळफलक वापरला तर निम्मे काम तिथेच संपते. पर्यायी रूपे पुसू नका, ‘असेही लिहितात’ या रकान्यात ठेवा, म्हणजे ‘फॅन्टम’ शोधणाऱ्यालाही कार्ड मिळते. वर्षाचे आकडेही एकाच लिपीत हवेत. १९७३ देवनागरी आकड्यांत असेल आणि शोधणारा दुसऱ्या आकड्यांत टंकत असेल, तर ती नोंद त्याच्यासाठी नसल्यासारखीच.

पडताळणी कशी करायची? आंतरजालावरची माहिती चालेल का?

सुरुवातीला सुगावा म्हणून चालेल, पुरावा म्हणून नाही. चाहत्यांच्या पानांवर मूळ नावे कधी जाहिरातीतून, कधी दुसऱ्या भागातून, कधी निव्वळ तर्काने आलेली असतात, आणि एकाने लिहिलेले पाच ठिकाणी उतरवले जाते. पाच ठिकाणी सापडले म्हणून ते पाच पुरावे होत नाहीत.

स्थळ असे टिपा. पुस्तकात आवृत्ती आणि पान, कारण आवृत्ती बदलली की पान बदलते. नाटकात अंक आणि प्रवेश. चित्रपटात तास, मिनिट, सेकंद. मालिकेत पर्व आणि भाग. चित्रकथेत अंक क्रमांक. गेममध्ये टप्पा किंवा प्रसंग. उपशीर्षकांवरून मूळ नाव घेऊ नका, ऐका. उपशीर्षके करणारे टोपणनावाचे भाषांतर करतात किंवा जागा वाचवण्यासाठी मूळ नावच टाकतात, आणि मग कार्डावर कुणी कधी उच्चारलेच नाही असे नाव येते. डब केलेल्या आवृत्तीत नाव बदलले असेल तर ती वेगळी ओळ.

मराठी पुस्तकांसाठी पणजीला पाटो इथले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय सगळ्यांत सोयीचे. कार्डे तयार करून, एका फेरीत पाहायच्या पुस्तकांची यादी घेऊन जा. एकेका नावासाठी खेपा घातल्या की उत्साह टिकत नाही. संहिता हाती नसलेल्या नाटकाची नोंद पेन्सिलीने करा आणि संहिता मिळेपर्यंत पक्की करू नका.

अपमानकारक टोपणनावे घ्यायची का?

घ्यायची, पण नीट. ‘ओंकारा’ (२००६) मधल्या ईश्वर त्यागीला लंगडा म्हणतात. ते नाव त्याच्या अपंगत्वावरून आहे आणि त्याच्या मनातल्या विषाशी त्याचा संबंध आहे, म्हणून गाळले तर पात्रच कळणार नाही. अशा कार्डाचा मथळा मूळ नावाने ठेवा, टोपणनाव आत लिहा आणि कोण म्हणते ते लिहा. शाळेच्या भिंतीवर लावायच्या तक्त्यात शरीर, रंग किंवा जात यांवरून पडलेली नावे नकोत. वर्गातल्या कुणाला तरी दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाने हाक मारली जाते, आणि ते आपल्यामुळे होता कामा नये.

या सूचीवरून प्रश्नमंजूषा घ्यायची तर?

दहा प्रश्नांच्या फेरीला पाच टोपणनावे पुरतात, प्रत्येकावर दोन प्रश्न. पहिला प्रश्न टोपणनावावरून मूळ नावाकडे जाणारा, दुसरा तेच टोपणनाव असलेल्या दुसऱ्या माध्यमातल्या पात्राचा. मुलांना दुसरा प्रश्न जास्त आवडतो.

प्रत्येक प्रश्नात माध्यम आणि वर्ष हवेच. ‘मुन्नाचे खरे नाव काय?’ हा प्रश्न बाद. ‘१९८८ च्या चित्रपटातल्या मुन्नाचे’ हा पक्का. ‘राजू’ला तर फार जपा. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) आणि ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) या दोन्हींत राजू, ‘गाइड’मध्ये (कादंबरी १९५८, चित्रपट १९६५) राजू, ‘हेरा फेरी’ (२०००) मध्ये राजू, ‘थ्री इडियट्स’ (२००९) मध्ये राजू रस्तोगी. यांतल्या बहुतेकांचे ते सरळ नावच आहे, म्हणून राजू सूचीपेक्षा शेवटच्या, चुरशीच्या फेरीसाठी ठेवा: पात्राची एक ओळ वाचायची आणि कुठला राजू ते विचारायचे.

संकेत देताना अवघड ते आधी आणि सोपे ते शेवटी. फँटमसाठी क्रम असा ठेवता येईल: घराण्यातला एकविसावा, मूळ नाव ख्रिस्तोफरचे लघुरूप, जंगलात कवटीच्या गुहेत राहतो, मराठी वाचक त्याला वेताळ म्हणतात. शेवटचा संकेत वाचताना तो चित्रकथेतला, देव नव्हे, हे आधीच्या तीन संकेतांतून ठरलेले असते. म्हणून हा क्रम उलटा करू नका.

ज्या टोपणनावाला जोडीदारच सापडत नाही, त्याचे काय करायचे?

कार्ड ठेवा, फाडू नका. ‘फास्टर’ला आजवर आम्हांला जोडीदार मिळालेला नाही. ‘फुलराणी’ काही काळ एकटी वाटते, मग लक्षात येते की ‘ती फुलराणी’ (१९७५) या नाटकातल्या फुलवाल्या मंजुळेच्या आधी बालकवींच्या कवितेत फुलराणी होऊन गेली आहे. तिथे ती माणूस नसून माणसासारखी रंगवलेली कळी आहे. कविता हे माध्यम धरले नाही, तर ही जोडी कधीच जमत नाही. एकट्या कार्डांचा गठ्ठा वेगळा बांधा, आणि नवीन नोंद आली की आधी त्या गठ्ठ्यातून हात फिरवा.